सही एकाची, हशील दुसऱ्याचे

वेब अ‍ॅप्लिकेशनच्या वापरकर्त्याला स्वतःच्या खिशातून शुल्क न भरता ब्लॉकचेनवर नोंद करता यावी, यासाठी जी व्यवस्था उभारली जाते तिला ‘गॅसलेस व्यवहार’ असे नाव पडले आहे. नाव सुटसुटीत असले तरी नेमके नाही, कारण शुल्क कोठेही नाहीसे होत नाही; ते भरणारा हात तेवढा बदलतो. ३० जुलै २०१५ रोजी इथेरियमचे जाळे सुरू झाले तेव्हापासून त्यावरील प्रत्येक गणनेचे मोल ‘गॅस’ या एककात ठरवून दिलेले आहे. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम पाठवण्याच्या साध्या व्यवहाराला २१,००० गॅस लागतो. स्मार्ट कॉन्ट्रॅक्टच्या, म्हणजे जाळ्यावर ठेवलेल्या आणि लिहून दिलेल्या नियमांनीच चालणाऱ्या प्रोग्रामच्या, साठ्यातले नवे घर भरायचे तर आणखी किमान २०,००० लागतो. आणि या एककांना त्या वेळच्या गॅसच्या दराने गुणले म्हणजे प्रत्यक्ष द्यायची रक्कम निघते. गणना फुकट मिळू लागली तर कोणीही निरर्थक काम टाकून सारे जाळे अडवू शकेल, म्हणून हे मोल आवश्यकच आहे. मात्र मूळ रचनेत एक गाठ मारलेली होती, ती अशी की ज्या खात्याच्या किल्लीने, म्हणजे फक्त खातेदाराकडे असलेल्या गुप्त संख्येने, व्यवहारावर सही होते त्याच खात्यातून शुल्कही वळते होते. टपालखात्याने ही सक्ती कधी केली नाही. ‘टपाल हशील प्राप्तकर्ता भरेल’ असे छापलेले पाकीट पेटीत पडते, तेव्हा पत्र एकाचे आणि हशील दुसऱ्याचे असते, आणि तेवढ्यामुळे आतला मजकूर कोणाचा याविषयी कोणाला शंका येत नाही. सही आणि हशील यांच्यातली ती गाठ सोडवणे, हे गॅसलेस व्यवहाराचे खरे काम आहे.

येथे मांडलेली निरीक्षणे २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत पुण्यातील एका छोट्या कार्यगटाने केलेल्या कामातून आलेली आहेत. भोसरी आणि चाकण परिसरातील लहान कारखान्यांत काम शिकणाऱ्या शिकाऊ उमेदवारांची रोजची कामवही वेब अ‍ॅप्लिकेशनवर आणावी आणि तिच्यातील नोंदी मागाहून कोणाला बदलता येऊ नयेत, असे एका प्रशिक्षण संस्थेने त्यांना सुचवले होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, म्हणजे नोंदवही मालकाच्या कपाटात असते. वर्षभर लेथवर काम केलेल्या मुलाला प्रमाणपत्राच्या वेळी आपले तास मोजून मागायचे असतील तर त्याच्या हातात काहीच कागद नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी ब्लॉकचेन घ्यावी की नाही यावर कार्यगटात बराच वाद झाला. अखेर निर्णय ज्या मुद्द्यावर ठरला तो असा: उमेदवाराने स्वतःच्या किल्लीने नोंद करावी, फोरमनने स्वतःच्या किल्लीने ती मान्य करावी, आणि त्यांच्यामधल्या कोणालाही, अगदी अ‍ॅप्लिकेशन चालवणाऱ्या संस्थेलाही, ती त्यांच्या नावाने लिहिता येऊ नये. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर ठेवण्याचा उपक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला होता. तशा उपक्रमात शासन नोंद करते आणि नागरिक ती केवळ पडताळतो, त्यामुळे नागरिकाच्या गॅसचा प्रश्न उद्भवतच नाही. कामवहीत मात्र प्रत्येक उमेदवार हाच नोंद करणारा होता.

जाळे म्हणून पॉलिगॉनचीच निवड झाली. भारतीय तंत्रज्ञांनी २०१७ मध्ये मॅटिक या नावाने सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेले हे जाळे स्वस्त होते, आणि हिशेब कागदावर मांडला तेव्हा अडचण पैशांची नाही हे स्पष्ट झाले. एका नोंदीला १ लाख गॅस लागेल आणि दर ५० ग्वेई असेल असे धरले, तर शुल्क ०.००५ मॅटिक होते, म्हणजे त्या काळच्या भावाने रुपयाच्याही आत. ग्वेई म्हणजे त्या चलनाचा अब्जावा भाग. अडसर होता तो या पन्नास पैशांपर्यंत पोहोचण्याच्या वाटेचा. आयटीआयमधून नुकत्याच आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला क्रिप्टो चलनाच्या एक्स्चेंजवर खाते उघडता येत नाही. अठरा पूर्ण झालेल्याला पॅन, बँक खाते, ओळखपडताळणी असे सारे करावे लागते. १ जुलै २०२२ पासून अशा हस्तांतरणावर एक टक्का उद्गम करकपातीचे कलम लागू आहे. आणि हे सगळे पार पाडून त्याने चलन आपल्या वॉलेटमध्ये, म्हणजे किल्ली आणि चलन सांभाळणाऱ्या अ‍ॅपमध्ये, आणायचे ते कशासाठी, तर आज आठ तास काम केले एवढे लिहिण्यासाठी. वापरकर्त्याकडून अशी अपेक्षा ठेवणे कार्यगटाला अन्यायाचे वाटले, आणि ते तसे होतेच.

पहिली सूचना अशी आली की प्रत्येक उमेदवाराच्या वॉलेटमध्ये थोडे थोडे चलन संस्थेने आधीच टाकून ठेवावे. परंतु टाकलेले चलन कोणत्या कामाला वापरावे यावर कसलेही बंधन राहत नाही, प्रत्येक वाटप हाच एक सशुल्क व्यवहार असतो, आणि शंभर वॉलेटमधील शिल्लक रोज पाहत बसणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. दुसरी सूचना अधिक मोहात पाडणारी होती: सर्व नोंदी सर्व्हरनेच आपल्या किल्लीने कराव्यात आणि उमेदवाराने फक्त पासवर्डने लॉगिन करावे. तसे केले असते तर काम आठवडाभरात संपले असते, पण मग साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, जी सही उमटली असती ती संस्थेची, आणि साध्या डेटाबेसपेक्षा त्यात अधिक काही उरले नसते. ही वाट नाकारली याचे श्रेय कार्यगटाला दिले पाहिजे, कारण गॅसलेस म्हणून मिरवणाऱ्या व्यवस्थांत या प्रकारची सोय सहज खपून जाते आणि वापरकर्त्याला त्यातला फरक पडद्यावर दिसत नाही.

उरलेल्या मार्गाला मेटा-व्यवहार म्हणतात. त्यात वापरकर्ता व्यवहारावर सही करत नाही, तर एका संदेशावर करतो. संदेशावर सही करणे हे त्याच्या ब्राउझरमध्येच घडणारे गणित असल्यामुळे त्याला गॅस लागत नाही. सही केलेला संदेश अ‍ॅप्लिकेशन एका रिले सर्व्हरकडे पाठवते, रिले सर्व्हर तो स्वतःच्या व्यवहारात गुंडाळून, स्वतःच्या खात्यातून शुल्क भरून, साखळीवर नेतो, आणि तेथील कॉन्ट्रॅक्ट आतली सही पडताळून मूळ सही करणाऱ्याच्या नावे नोंद करते. रिले सर्व्हर येथे पोस्टमन असतो. पाकीट नेणे त्याच्या हाती असते, मजकूर बदलणे नसते, कारण एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही. एकदा केलेली सही कोणी पुन्हा पुन्हा वापरू नये म्हणून संदेशात नॉन्स, म्हणजे प्रत्येक वेळी एकाने वाढणारा अनुक्रमांक, घालतात. ती फार काळ पडून राहू नये म्हणून मुदत घालतात. आणि एका जाळ्यासाठी केलेली सही दुसऱ्या जाळ्यावर चालू नये म्हणून अ‍ॅप्लिकेशनचे नाव, आवृत्ती, जाळ्याचा क्रमांक आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता ही ओळख संदेशाला जोडतात. संदेशाची आणि या ओळखीची मांडणी ईआयपी-७१२ या प्रस्तावाने ठरवून दिली आहे. ईआयपी म्हणजे इथेरियममधील सुधारणांचे क्रमांकित प्रस्ताव होत.

आरंभी कार्यगटाने ईआयपी-२७७१ या प्रस्तावातील पद्धत घेतली. तिच्यात सही पडताळण्याचे काम फॉरवर्डर नावाचे एक सामाईक कॉन्ट्रॅक्ट करते आणि मूळ मागणी पुढे ढकलताना तिच्या शेपटाला सही करणाऱ्याचा २० बाइटांचा पत्ता चिकटवते. पुढच्या कॉन्ट्रॅक्टने मागणी विश्वासातल्या फॉरवर्डरकडूनच आली आहे याची खात्री करून ते शेवटचे २० बाइट वाचायचे असतात. एरवी ‘मागणी कोणी केली’ हे भाषेतच मिळणाऱ्या एका तयार नामाने कळते, पण या पद्धतीत ते नाम नेहमी फॉरवर्डरचाच पत्ता सांगते, म्हणून कॉन्ट्रॅक्टमधील प्रत्येक ठिकाणी त्याऐवजी शेपूट वाचणारे फलन वापरावे लागते. कामवहीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी अकरा ठिकाणे होती आणि त्यांपैकी दहा बदलली गेली. राहून गेलेले अकरावे ठिकाण नोंद दुरुस्त करण्याच्या फलनात होते, आणि चाचणीच्या पहिल्या आठवड्यात दुरुस्त झालेल्या सगळ्या नोंदी एकाच मालकाच्या नावावर, म्हणजे फॉरवर्डरच्या नावावर, जमा झालेल्या आढळल्या. चूक लहान होती, पण तिने या पद्धतीचा स्वभाव दाखवून दिला: येथे ओळख ही जाळ्याने दिलेली हमी राहत नाही, ती प्रोग्राम लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीत सांभाळायची जबाबदारी होते.

याच स्वभावातून पुढचा धडा अधिक गंभीरपणे मिळाला. फोरमनला आठवड्याच्या नोंदी एका सहीत मान्य करता याव्यात म्हणून मल्टिकॉल ही सोय वापरली होती. तिच्यात एका मागणीच्या पोटात अनेक उपमागण्या ठेवतात आणि कॉन्ट्रॅक्ट स्वतःलाच हाक मारून त्या एकेक पार पाडते. अडचण अशी आली की फॉरवर्डरने चिकटवलेला पत्ता बाहेरच्या मागणीच्या शेपटाला राहत होता आणि आतल्या उपमागण्यांना शेपूटच नव्हते. कार्यगटाने त्यावर उपाय म्हणून प्रत्येक उपमागणीच्या शेवटी फोरमनचा पत्ता ब्राउझरकडूनच जोडून पाठवायला सुरुवात केली, नोंदी बरोबर नावावर पडू लागल्या, आणि विषय मिटला असे समजले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये फॉरवर्डर आणि मल्टिकॉल या दोन सोयी एकत्र आल्यावर उघडणारी फट जगभर जाहीर झाली, काही कॉन्ट्रॅक्टांवर तिचा वापर करून हल्लेही झाले, आणि तेव्हा कार्यगटाच्या लक्षात आले की ज्याला त्यांनी उपाय म्हटले होते तीच ती फट होती. ब्राउझर जर फोरमनचा पत्ता जोडू शकतो, तर तो कोणाचाही पत्ता जोडू शकतो. कामवही अजून चाचणीच्याच जाळ्यावर असल्यामुळे कोणाची नोंद खोटी झाली नाही. परंतु ज्या गोष्टीसाठी सर्व्हरच्या सहीचा सोपा मार्ग सोडला होता, तीच गोष्ट आपल्या हाताने उघडी टाकली गेली होती, ही बोच कार्यगटाला दीर्घकाळ राहिली.

फॉरवर्डर सोडून देण्याचे कारण मात्र हे नव्हते, कारण ती फट पुढे तयार कॉन्ट्रॅक्टांच्या सॉफ्टवेअर-लायब्ररीच्या सुधारित आवृत्तीने बुजवली. कारण भोसरीच्या एका कारखान्यात मिळाले. तेथील फोरमनसमोर मान्यतेचा पडदा ठेवला तेव्हा वॉलेटच्या खिडकीत नॉन्स, मुदत, गॅसची मर्यादा आणि त्याखाली शून्य-एक्सने सुरू होणारी, आकडे आणि अक्षरे यांची सलग दहा-बारा ओळींची माळ दिसत होती. त्या माळेतच नोंदी होत्या, पण फॉरवर्डर कोणत्याही कॉन्ट्रॅक्टसाठी चालावा म्हणून मूळ मागणी सांकेतिक बाइटांच्या रूपातच संदेशात जाते. फोरमनने ऑइलचे हात कापडाला पुसून फोन हातात घेतला, माळ खालपर्यंत सरकवून पाहिली आणि सही करण्यास नकार दिला. जे वाचता येत नाही त्यावर सही करायची नाही, ही शिस्त त्यांनी तीस वर्षे गेटपासपासून मस्टरपर्यंत पाळली होती, आणि ती मोडण्याचे कारण त्यांना दिसत नव्हते. या नकाराने कार्यगटाच्या सर्व तांत्रिक चर्चांपेक्षा अधिक काम केले. गॅसलेस व्यवस्थेत शुल्क भरण्याचा क्षण नाहीसा होतो, आणि पैसे जाताना माणूस जो एक क्षण थांबून विचार करतो तो थांबाही त्याबरोबर जातो. मग सहीचा क्षण तरी वाचनीय असलाच पाहिजे.

म्हणून २०२४ च्या आरंभी रचना बदलली. फॉरवर्डर काढून टाकला आणि सही पडताळण्याचे काम कामवहीच्या कॉन्ट्रॅक्टमध्येच आणले. संदेशात आता उमेदवाराचा क्रमांक, तारीख, तास आणि कामाचा प्रकार ही नावे असलेली घरे आली, आठवड्याच्या नोंदी एकाखाली एक यादीने आल्या, आणि सर्वांत वर एक मराठी वाक्य आले. ईआयपी-७१२ मध्ये घरांची नावे रोमन लिपीत ठेवावी लागत असली तरी घरातला मजकूर कोणत्याही लिपीत चालतो. तो मजकूर साखळीवर पाठवणे मात्र महाग पडते, कारण व्यवहारासोबत जाणाऱ्या माहितीच्या शून्येतर प्रत्येक बाइटला १६ गॅस पडतो आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. म्हणजे एक काना द्यायचा तरी ४८ गॅस. त्यावर तोड अशी निघाली की सहीसाठी मजकूर थेट वापरला जात नाही, त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ३२ बाइटांचा ठसा, वापरला जातो. वाक्य कायमचे ठरलेले असल्यामुळे त्याचा ठसा कॉन्ट्रॅक्टमध्ये एकदाच कोरून ठेवता येतो, वाक्य प्रवास करत नाही, आणि तरीही ते वाचूनच सही झाली याची खूण सहीत राहते. फोरमनसाठी ठरलेले वाक्य असे होते: ‘माझ्या हाताखाली काम करणाऱ्या उमेदवाराची ही नोंद वाचून मान्य केली आहे.’

या वाक्याने दोन दिवस घेतले. उमेदवारांच्या सह्या पडताळल्या जात होत्या, फोरमनच्या एकाही सहीची पडताळणी होत नव्हती, आणि त्रुटीचा संदेश इतकाच होता की सही करणारा अनोळखी आहे. येथे सही पडताळण्याची रीत समजून घेतली पाहिजे. हस्ताक्षरतज्ज्ञ दोन सह्या शेजारी ठेवून जुळतात की नाही सांगतो, तसे येथे होत नाही. संदेशाचा ठसा आणि ६५ बाइटांची सही दिली की गणितातून सही करणाऱ्याचा पत्ता उलट काढला जातो. ठसा चुकीचा असेल तर गणित अडखळत नाही, ते दुसराच एक पत्ता काढून देते, जो जगात कोणाचाही नसतो. चुकीच्या मजकुरावरची सही कोणत्या तरी पत्त्याची निघतेच, आणि म्हणून चूक कोठे आहे हे त्या निकालावरून कळत नाही. कार्यगटाने नॉन्स तपासला, जाळ्याचा क्रमांक तपासला, घरांचा क्रम तपासला, दोन्ही ठिकाणची वाक्ये शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर वाचले. सगळे एकसारखे होते. शेवटी वाक्यांची लांबी बाइटांत मोजली तेव्हा एक दुसऱ्यापेक्षा तीन बाइटांनी लांब निघाले.

फरक ‘करणाऱ्या’ या शब्दात होता. मराठीतला हा अर्धा र संगणकावर दोन प्रकारे लिहिला जातो: एका पद्धतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त, अशी दोन चिन्हे आणि सहा बाइट, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, अशी तीन चिन्हे आणि नऊ बाइट. कॉन्ट्रॅक्टमधले वाक्य एकाने एका कीबोर्डवर टंकले होते, वेबपानावरचे दुसऱ्याने दुसऱ्या कीबोर्डवर. पडद्यावर दोन्ही तंतोतंत एकच दिसत होती, ठसे मात्र पूर्ण वेगळे होते. मराठी मजकुराला साखळीवरच्या सहीत स्थान देताना त्याच्या टंकलेखनाचे प्रमाण आधी ठरवावे लागते, हे इंग्रजी वाक्यांवर बेतलेल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत आढळले नसते. त्यानंतर हे वाक्य एकाच फाइलमध्ये ठेवले गेले आणि पान व कॉन्ट्रॅक्ट दोन्ही तेथूनच ते घेऊ लागले. एप्रिल २०२४ मध्ये पॉलिगॉनचे ‘मुंबई’ नावाचे चाचणीजाळे बंद होऊन त्याच्या जागी ‘अमॉय’ आले, जाळ्याचा क्रमांक ८०००१ चा ८०००२ झाला आणि पुन्हा सगळ्या सह्या अनोळखी निघू लागल्या, तेव्हा मात्र कारण शोधायला दहा मिनिटेही लागली नाहीत.

रिले सर्व्हरविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण बाहेरून तो सर्वांत सोपा भाग वाटतो. एका खात्यातून निघणारे व्यवहार त्या खात्याच्या अनुक्रमानेच स्वीकारले जातात, त्यामुळे कमी दर लावल्याने एक व्यवहार अडकला की त्यामागचे सगळे अडकतात. अडकलेला व्यवहार मोकळा करायचा तर त्याच क्रमांकाचा व्यवहार, सामान्यतः किमान १० टक्के अधिक दर देऊन, पुन्हा पाठवावा लागतो. रिलेला तीन खाती देऊन काम त्यांच्यात वाटले, प्रत्येक संदेश पाठवण्यापूर्वी तो कोरड्या चाचणीत, म्हणजे साखळीवर न पाठवता केलेल्या तालमीत, यशस्वी होतो का ते पाहिले जाऊ लागले, आणि एका उमेदवाराला दिवसाला किती नोंदी करता येतील यावर मर्यादा आली; हशील भरणाऱ्याने हे केले नाही तर त्याचे खाते रिकामे करणे कोणालाही सहज जमते. संस्थेच्या हिशेबनीसांनी विचारलेला प्रश्नही याच भागातला होता: या खर्चाचे व्हाउचर कोणाच्या नावे करायचे आणि पावती कोण देणार. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅटिक या चलनाच्या जागी पोल आले तेव्हा खतावणीतले नावही त्यांना बदलावे लागले.

दरम्यान या क्षेत्रात नवी साधने आली आहेत. मार्च २०२३ मध्ये ईआरसी-४३३७ या प्रस्तावाची व्यवस्था इथेरियमवर वापरासाठी खुली झाल्याचे जाहीर झाले. तिच्यात वापरकर्त्याचे खाते हेच एक कॉन्ट्रॅक्ट असते, बंडलर नावाचा घटक अनेकांच्या मागण्या एकत्र करून नेतो, आणि पेमास्टर नावाचे कॉन्ट्रॅक्ट शुल्क भरण्याची हमी घेते. ७ मे २०२५ रोजी इथेरियमवर आलेल्या पेक्ट्रा सुधारणेतील ईआयपी-७७०२ मुळे साध्या खात्यालाही कॉन्ट्रॅक्टचे वर्तन उसने घेता येते. नव्याने काम सुरू करणाऱ्याने याच वाटेने जावे. रिले सर्व्हर स्वतः बांधण्याचे कष्ट आता बरेचसे वाचतात. परंतु फोरमनच्या हातातल्या फोनवर नेमके काय दिसते, हा प्रश्न त्या वाटेवरही तसाच उभा असतो.

आणखी एक प्रश्न तसाच राहतो. हशील भरणाऱ्याला मजकूर बदलता येत नाही, पण पाकीट न उचलणे त्याच्या हातात असते. म्हणून कॉन्ट्रॅक्टमध्ये अशी तरतूद ठेवली होती की सही केलेला संदेश कोणीही, कोणत्याही खात्यातून, आणून दाखल करू शकेल. आणि पानावर सही झाल्यावर ती एका छोट्या फाइलमध्ये उतरवून घेण्याचे बटण दिले होते. हे बटण कशाला, असे संस्थेने अनेकदा विचारले होते. २०२४ च्या दिवाळीपूर्वी, कारखाने बंद होण्याच्या शेवटच्या दोन दिवसांत, फोरमन मंडळींनी महिनाभराच्या राहिलेल्या नोंदी घाईने मान्य केल्या, रिलेच्या तिन्ही खात्यांतील शिल्लक संपली, आणि ती भरणारी व्यक्ती सुटीवर होती. संदेशांची मुदत ७२ तासांची होती. पानावर मात्र सही होताच ‘नोंद झाली’ अशी हिरवी ओळ उमटत असल्यामुळे कोणालाही काही अडले आहे असे वाटले नाही, आणि भाऊबीज संपवून परत आलेल्या मुलांना आपले तास वहीत नाहीत असे दिसले तेव्हा त्यांना फसवल्यासारखे वाटले, ते योग्यच होते. त्या आठवड्यात ती ओळ बदलून ‘सही मिळाली, नोंद व्हायची आहे’ अशी केली गेली आणि ‘नोंद झाली’ हे शब्द साखळीवरील पुष्टी आल्यावरच दिसू लागले. मुदत पंधरा दिवसांची झाली. फोरमननी सह्या पुन्हा केल्या.

चाकणच्या एका उमेदवाराच्या नोंदीवर मात्र पुन्हा सही करावी लागली नाही. त्याने सवयीने आपल्या आणि फोरमनच्या सहीची फाइल उतरवून ठेवली होती, वहीत तास चढलेले नाहीत हे लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच त्याच्या ध्यानात आले होते, आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मावसभावाने स्वतःच्या वॉलेटमधील थोडे पोल खर्चून ती फाइल मुदतीच्या आत दाखल केली होती. साखळीवर त्या व्यवहारात शुल्क भरणारा म्हणून एक असा पत्ता दिसतो जो कामवहीत दुसरीकडे कोठेही नाही. त्याखाली तास, तारीख आणि दोन सह्या आहेत: एक त्या मुलाची, एक त्याच्या फोरमनची.